बांधाखालचा झरा

तळ्यावरून,
११ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागते. लिहायला बसलेच नाही असं नाही. दोन-तीनदा बसले आणि लिहिलेलं फाडलं, कारण वाचून पाहिल्यावर वाटलं की मी तुला काहीतरी पटवायला निघाले आहे. आणि ज्याची मला स्वतःला पुरती खात्री नाही ते दुसऱ्याच्या गळी उतरवणं मला जमत नाही. फोन करता आला असता. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू आवाज चढवतोस, मी गप्प बसते, आणि रिसीव्हर ठेवल्यावर मला उत्तरं सुचतात. पत्रात निदान समोरच्याचं वाक्य पुरं होतं.

खुशाली अशी की आपल्या बोट क्लबला नवे सभासद बरे आले आहेत, दोन बोटींना रंग दिला, पोहायच्या फळीचा तुटलेला कठडा दुरुस्त केला. मावशीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे. बांधाच्या पायऱ्या उतरून सभासद तिच्या ओट्यावर चहाला येतात आणि पोहण्यापेक्षा तिचे टोमणे ऐकण्यात जास्त वेळ घालवतात.

आता मुद्दा. खासगी छोट्या धरणांचीही तपासणी आता सक्तीची झाली आहे. त्यासाठी खात्याच्या एक इंजिनीअरबाई येऊन गेल्या. माझ्याच वयाच्या असतील. बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. बाबांनी बांधावर लावलेली झाडं पाहून मान हलवली; मुळं मेली की मातीत पोकळ्या राहतात म्हणाल्या. मासे पळू नयेत म्हणून आपण सांडव्याला जाळी लावली आहे, तिच्यात पाचोळा अडकून पाण्याची वाट बंद झाली होती. ती मी त्यांच्यादेखत काढली. तळाचं दार उघडायचं चाक शेवटचं कधी फिरवलं असं त्यांनी विचारलं. बाबा गेल्यापासून नाही, हे मला सांगावं लागलं.

मग त्या खाली मावशीच्या घराकडे उतरल्या. झऱ्यापाशी थांबल्या. बाबांनी बांधलेलं दगडी टाकं, भोवतीचा पुदिना, बाबांच्या अक्षरातली ‘झरा’ अशी ती पाटी, सगळं नीट पाहिलं. ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरलं आणि मला विचारलं की ही गळती कधीपासून आहे. दादा, खरं सांगते, मला प्रश्नच कळला नाही. मी मावशीच्या छपराकडे बघायला लागले. तेवढ्यात मावशी खिडकीतून ऐकत होती ती बाहेर आली आणि म्हणाली की बाई, गळतं ते छप्पर, गळतं ते नाक. हा झरा आहे. आणि त्याच पाण्याचा चहा करून त्यांना पाजला. बाईंनी चहा संपवला, चांगला झाला म्हणाल्या, आणि कागदावर गळती असंच लिहिलं. तेव्हापासून मावशीनं त्यांचं नाव गळतीबाई ठेवलं आहे.

त्यांचं म्हणणं असं की बांधातून थोडं पाणी पाझरणं वाईट नाही, ते काचेसारखं आहे तोवर. गढूळ यायला लागलं की बांध आतून पोखरला जातोय असं समजायचं. पुढचा मोठा पाऊस येण्याआधी तळं निम्म्यावर आणायचं, झरा वाळू आणि खडी घालून भरून घ्यायचा, आणि बांधाचं काम होईपर्यंत मावशीला खाली राहू द्यायचं नाही. तळं दोघांच्या नावावर असल्यानं पाणी सोडायच्या अर्जावर दोघांची सही लागेल. अर्ज सोबत आहे.

मी साप म्हणून भुई धोपटते आहे का, ते तू मोकळेपणानं सांग. पण सही करून पाठव.

कळावे. लोभ आहेच, मतभेदानंतरही तो असू द्यावा.

तुझी,
शंकासूर

०

दवाखान्यातून,
१८ मे

चि. शंकासूर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून बसले होते. पत्र वाचून होईपर्यंत त्यांना तसंच ठेवलं. शेवटी ते घशातून काहीतरी म्हणाले. बहुतेक तुझ्याबद्दल असावं.

तळं निम्मं करायचं? अगं, जूनअखेर बोटींचा मेळावा. सभासद बायकापोरं घेऊन येणार आणि आपण त्यांना काय दाखवायचं, चिखल? निम्मं तळं म्हणजे निम्मी कवळी. हसताही येत नाही, चावताही येत नाही. एकदा भरवसा गेला की हे लोक दुसरीकडे जातात, परत येत नाहीत. मेळावा होऊ दे, हंगाम सरू दे, मग तू म्हणशील तेवढं पाणी सोडू. सही तेव्हा करीन. अर्ज ड्रॉवरमध्ये जपून ठेवला आहे, शपथेवर सांगतो.

आणि झऱ्याला गळती म्हणणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग. तो झरा तळ्याच्या आधीपासून आहे. मी त्याचं पाणी ओंजळीनं प्यायलो आहे, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. बाबांनी इथेच बांध घातला तो झरा पाहून. हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खात्याला एका भेटीत काय कळणार?

रागावू नकोस, पण तुला आठवतं का, मी तुला पोहायला शिकवायला निघालो होतो? तू काठावर उभी राहून पाणी किती खोल आहे, खाली काय आहे, आणि याची खात्री कोणी केली आहे हे विचारत राहिलीस. उत्तरं मिळेपर्यंत उन्हाळा संपला. तुला हे तळं कधी आवडलंच नाही. बाबांनी त्या जागी ग्रंथालय काढलं असतं तर तू त्याचं एक पान भिजू दिलं नसतंस. म्हणून म्हणतो, भीती कुठली आणि नावड कुठली, हे तूच एकदा तपास. तपासायची तुला हौस आहे.

मावशीला म्हणावं, गुडघ्याला शेक दे आणि जिभेला विश्रांती.

बाकी सगळे मजेत. माया आहे तशीच ठेव, शंका थोड्या कमी कर.

तुझा,
दादा

०

तळ्यावरून,
९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसं तपासून पाहिलं. तुझं एक बरोबर आहे. मला तळं आवडत नाही. हंगाम संपून बोटी उलट्या घातल्या की मला हायसं वाटतं. तेव्हा पाणी कमी करायची माझी घाई निव्वळ काळजीतून आली आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे कबूल करून पुढचं लिहिते, म्हणजे ते वाचताना तू माझी नावड वजा करून वाचशील.

झरा तळ्याच्या आधीचा की नंतरचा, हे मी मावशीला विचारलं. ती आधी म्हणाली की आधीचा, हे काय विचारणं झालं. मी पुन्हा विचारलं. तिनं चहाचं भांडं विसळलं, पुसलं, पालथं घातलं, आणि मग सांगितलं. तळं पहिल्यांदा भरलं त्या वर्षी बांधाखाली जमीन ओली व्हायला लागली. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचं अन्नपाणी तुटलं. आयुष्यभराची कमाई त्या बांधात घातली होती आणि तो पाझरायला लागला होता. दिवसातून दहादा तिथे जाऊन बसायचे. कुणाशी बोलत नसत. एक दिवस आईनं तिथे पुदिन्याच्या काड्या खोचल्या आणि त्यांना हाक मारून म्हणाली की बघा, आपल्याला झरा लागला. मावशी म्हणते, आईला काय ते पुरतं माहीत होतं. बाबांनाही असावं. पण ते हसले, आणि त्या दिवशी जेवले. पुढे टाकं बांधलं, पाटी लावली, आणि काही वर्षांनी तो खरोखरच झरा झाला. तू ओंजळीनं प्यायलास ते खरं आहे, दादा. पण तळ्याच्या आधी नव्हे.

मावशीला विचारलं की मग बाईंना तसं का सांगितलंस. ती म्हणाली, माझ्या बहिणीनं ठेवलेलं नाव मी बदलणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते. गेल्या आठवड्यात चांगला पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं, आणि टाक्यात पाणी गढूळ आलं. मी काचेच्या ग्लासात घेऊन ठेवलं. तळाशी बारीक गाळ बसला, पिठासारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मावशी आता फडक्यातून गाळून चहा करते आणि म्हणते की पावसाचा गढूळपणा आहे, जाईल. सभासदांना चहात फरक कळलेला नाही.

वर माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर म्हणते, तुझ्या घरी चमचासुद्धा विचारून उचलावा लागतो.

हे बाईंना कळवायला हवं, हे मला कळतं. पण मी कळवलं की खात्याचा हुकूम येईल, आणि तो तुझ्या पाठीमागून आणवल्यासारखं होईल. चाक मी एकटीही फिरवू शकते, त्याला कुलूप नाही. पण तळं दोघांचं आहे, पाणी सोडायचं ते दोघांच्या मतानं, असं बाबा शेवटी आपल्या दोघांना समोर बसवून म्हणाले होते. म्हणून आधी तुला विचारते आहे. लांब पत्र नको. हो एवढा एकच शब्द पाठव.

उद्यापासून मी पेपर तपासायला कॉलेजच्या केंद्रावर जाते आहे. जवळजवळ महिनाअखेरपर्यंत तिथेच राहणं आहे. जावं की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण शब्द दिला होता, आणि मुलांचे निकाल अडतात. मावशीला सांगून ठेवलं आहे की पाणी वाढलं तर वरच्या घराची किल्ली तिच्याकडे आहे.

दादा, हो म्हण.

लोभ असावा, आणि या वेळी थोडा विश्वासही असावा.

तुझी,
शंकासूर

०

दवाखान्यातून,
२१ जून

चि. शंकासूर हिस,
अनेक आशीर्वाद.

हो म्हणालो नाही, पण त्याहून चांगलं काम केलं आहे. रविवारी स्वतः येऊन गेलो. तू केंद्रावर होतीस, तुला तिथून हलवणं म्हणजे परीक्षा मंडळाला भूकंप, म्हणून कळवलं नाही.

तुझं पत्र वाचून मलाही चैन पडेना. वर वर हसतो म्हणून मला काही होत नाही असं समजू नकोस. ग्लासातला तो गाळ डोळ्यांसमोरून जाईना. शिवाय आईची गोष्ट. ती मला कुणी कधी सांगितली नाही. खुर्चीतल्या पेशंटचा दात धरून मी दोन मिनिटं नुसता उभा होतो.

तेव्हा गवंड्याला घेऊन आलो आणि टाकं भरून घेतलं. वाळू आणि खडी घालून भरून घ्यायचं असं तूच बाईंच्या हवाल्यानं लिहिलं होतंस. वाळू आली, खडी आली, मग सिमेंटनं काय घोडं मारलं आहे? नुसत्या वाळूखडीनं पाणी थांबतं का कुठे? एवढंसं भोक. आधी साफ केलं, मग ठासून भरलं, वरून गुळगुळीत. माझ्या हातची भरणी बघून गवंडीसुद्धा म्हणाला की डॉक्टर, धंदा बदला. संध्याकाळी निघेपर्यंत एक थेंब बाहेर आला नाही. गढूळ नाही, स्वच्छ नाही, काहीच नाही. आता गळतीबाईंनी खुशाल यावं.

मावशी मात्र फिरली. पुदिना तुडवला म्हणून आणि पाणी बंद केलं म्हणून. मला नळाच्या पाण्याचा चहा दिला आणि म्हणाली की हीच तुझी शिक्षा. पाटी काढायला गेलो तर आडवी उभी राहिली. राहू दे म्हटलं. पाटीनं काही गळत नाही.

आता निश्चिंत मनानं पेपर तपास, आणि मुलांना दोन मार्क जास्त दे. मेळावा ठरल्याप्रमाणे.

रागावली असशील तर राग काढ, पण माया आवरू नकोस.

तुझा,
दादा

०

तळ्याखालून,
२७ जून

चि. दातपाड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते तुला मिळावेत अशी तुझी करणी नाही, तरी घे.

मी काही पत्रं लिहिणारी नाही हे तू जाणतोस. पण तुझी बहीण अजून परतली नाही आणि फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस, पेशंट आहे म्हणतोस. तुझ्या पेशंटांची तोंडं कधी मिटतच नाहीत का?

तुला शाबासकी द्यायची होती. माझा झरा तू घरपोच केलास. टाकं कोरडं ठणठणीत आहे आणि माझ्या स्वयंपाकघरात मोरीजवळच्या दोन फरश्यांच्या फटीतून पाणी वर येतं आहे. परवा थेंब थेंब होतं, काल फडकं पुरेना, आज केरसुणीनं लोटते आहे. रंग चहाचा आहे, भुकटी न घालताच. एक फरशी पायाखाली डुलते. माझा गुडघा आणि ती, दोघंही एकाच वेळी कुरकुरतात.

मी घाबरत नाही. पण आज लोटताना एक मनात आलं ते सांगते. तुझ्या आईनं झरा म्हटलं तेव्हा मी तिथेच उभी होते. रात्री आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो होतो, नवऱ्याला कसं गुंडाळलं म्हणून. हसण्यासारखंच होतं ते. इतकी वर्षं ते तसंच चाललं. पण थापेलासुद्धा वय होतं, बाळा. ही आता म्हातारी झाली.

तेव्हा तू हो म्हण आणि तुझ्या बहिणीला ते चाक फिरवू दे. मेळाव्याच्या लोकांना मी सांगते, तळं दुरुस्तीला गेलंय. चहा पिऊन जातील. ती उद्या येणार आहे. तिच्या घरी झोपायला जाईन म्हणते, म्हणजे तिचं समाधान. तिथे चमचा उचलणार नाही.

तुझ्या बायकोला आणि लेकीला आशीर्वाद. ये एकदा. झऱ्याच्या पाण्याचा चहा आता घरबसल्या होतो.

तुझी,
मावशी

०

दवाखान्यातून,
१२ जुलै

चि. शंकासूर हिस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. पण दुसरं काय लिहितात ते माहीत नाही.

मावशीचे दिवस होईपर्यंत मी तिकडेच होतो, तू माझ्याशी बोलली नाहीस. रागानं नव्हे, हे मला दिसत होतं. तू कुणाशीच बोलत नव्हतीस. मावशीला नेलं तेव्हाही तू तिच्याकडची वरच्या घराची किल्ली हातात धरून उभी होतीस. मला काही विचारायचं आहे ते समोरासमोर विचारता आलं नाही. त्या सकाळी नेमकं काय झालं? लोकांनी सांगितलं ते नको. तू सांग.

तिचं पत्र मला त्याच सकाळी मिळालं. दवाखाना उघडत होतो. घरपोच झरा हे वाचून मी मोठ्यानं हसलो. पुढची ओळ दोनदा वाचली. ठणकणारा दात वरून सिमेंटनं बंद केला तर पू थांबत नाही, तो गालात उतरतो. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतो. वीस वर्षं सांगतो आहे. आणि मी तेच केलं. तुला फोन लावायला हात पुढे केला आणि फोन वाजला. तो तुझा होता.

आता एक गोष्ट लिहितो, ती मला लिहावी लागते आहे असं समज. चौकशी समितीपुढे आपल्या दोघांचे जबाब व्हायचे आहेत. वकील म्हणतात की दोघांनीही झरा असाच शब्द वापरावा. पाटी होती, सगळे सभासद झराच म्हणत, मावशी म्हणे. झरा म्हणजे निसर्गाचं काम. तो बुजवला, यात हेतू चांगला होता, आणि पुढचं कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. बाईंनी गळती लिहिलं ते त्यांचं मत; आपण गळती म्हटलं की मालकांना माहीत होतं असं ठरतं. तुझ्यावरही येईल, माझ्यावर तर येईलच. दवाखाना राहील की नाही सांगता येत नाही. मुलीचं शिक्षण मध्यावर आहे.

मी तुला गळ घालत नाही. विचारतो आहे. या वेळी मी काठावर उभा आहे आणि पाणी किती खोल आहे ते तुला विचारतो आहे.

तुझाच,
दादा

०

तळ्यावरून,
१६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला नाही, हे पहिल्यांदाच होत असेल.

विचारलंस ते सांगते. २८ तारखेला संध्याकाळी मी परत आले. तू घरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र टेबलावर होतं, ते वाचून खाली धावले. टाक्यावर सिमेंटचा गुळगुळीत थर होता आणि मावशी ओट्यावर केरसुणी घेऊन बसली होती. बाईंना फोन लावला, कचेरी बंद झाली होती. मावशीला वर घेऊन आले. ती कुरकुरत आली, पण आली. माझ्याकडे जेवली, भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, आणि घोरत झोपली. चाक मी तेव्हाच फिरवायला हवं होतं. बाईंना विचारून करू, घाईत भलतं व्हायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा विचारूनच.

सकाळी कचेरी उघडताच बाई फोनवर भेटल्या. सिमेंट हा शब्द त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाल्या की फोन ठेवा, चाक फिरवा, खाली कुणालाही जाऊ देऊ नका, मी निघाले. मी मागे वळून पाहिलं तर मावशी घरात नव्हती. पाणी लोटून येते असं शेजारणीला सांगून ती खाली उतरली होती.

बांधावरून मी हाका मारल्या. ती दारात आली. तिच्या पायांमधून तपकिरी पाणी ओट्यावरून वाहत होतं. तिनं केरसुणी वर करून हलवली, म्हणजे ओरडू नकोस, आलेच. मला दोन कामं होती, चाक आणि मावशी. चाक फिरलं तर तिला वेळ मिळेल असं वाटलं, म्हणून मी चाकाला भिडले. ते गंजलं होतं. सगळं अंग टाकल्यावर थोडंसं हललं. पुन्हा जोर लावला आणि खालून आवाज आला, मोठा नव्हे, पोतं खाली ठेवल्यासारखा. मी पाहिलं तर घर बसत होतं. पडत नव्हतं, दमलेलं माणूस बसतं तसं बसलं. मग त्याच्या मागचा बांध त्याच्या अंगावर गेला. मी उभी होते तो भाग राहिला. बांधाच्या त्या टोकाला टाकंही राहिलं आहे.

मी आधी खाली धावले असते तर ती वाचली असती का, हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की कदाचित तुम्हीही गेला असतात. त्यांनी ते खरं म्हणून सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून, हे मला कळलं नाही. आपल्या घरात ही सवय जुनी आहे.

आता जबाबाचं. वकिलांचं म्हणणं मी नीट वाचलं. तुझ्या मुलीचं लिहिलंस तेही. काल रात्रीपर्यंत माझ्या बाजूचा जबाब लिहून काढला, आणि वाचून पाहिला तर पानापानावर मी झरा असंच लिहिलं होतं. वकिलांसाठी नव्हे. हाताला दुसरा शब्द माहीतच नाही.

आज सकाळी तळ्यात उतरले. पहिल्यांदाच, आणि कोरड्यात. पंधरा दिवस पावसानं दडी मारली आहे, गाळाला भेगा पडायला लागल्या आहेत. पोहायची फळी तळाशी एका बाजूला कलंडून पडली आहे. पाणी किती खोल होतं ते आता दिसतं, फार नव्हतं. मग टाक्यापाशी गेले. तुझी भरणी मधोमध तडकली आहे. फटीत बोट घातलं, आत कोरडं. पुदिना वाळून काड्या झाल्या आहेत. तळं गेलं आणि तो गेला. दादा, खरा झरा असता तर त्याला तळ्याशी काय करायचं होतं?

आणखी एक, जे तुझ्या या पत्रात कुठेही नाही, आणि तू ते लिहिलं नाहीस याबद्दल मी तुझी ऋणी आहे. बाई म्हणाल्या होत्या की वाळू आणि खडीनं झाका, पाणी येऊ द्या, माती अडवा, तोंड कधीही बंद करू नका. मी तुला लिहिलं, भरून घ्यायचा. तुझी समजूत काढायच्या नादात बाकीचं गाळलं, आणि झाकायचं होतं त्याचं भरायचं केलं. ध चा मा करायला वाईट मनाचं माणूस लागतं असं मी समजत होते. नीटनेटकं लिहिणारंही चालतं. ते मी जबाबात लिहिणार आहे. गढूळ पाणी पाहून कुणालाही न कळवता पेपर तपासायला गेले, तेही.

आईनं तो शब्द एका माणसाला घास गिळता यावा म्हणून वापरला. आपण तो आपल्याला गिळता यावा म्हणून वापरायचा का? मावशीनं बहिणीनं ठेवलेलं नाव बदललं नाही, पण शेवटच्या पत्रात तिनं त्याला थाप म्हटलं. तिच्यानंतर आता ते आपल्याकडे आलं आहे.

तू काय लिहावंस हे मी सांगणार नाही. पाणी खोल आहे. खाली काय आहे ते मला माहीत नाही, आणि त्याची खात्री कुणीही केलेली नाही. मी उतरते आहे. तू काठावर राहिलास तरी तुझ्यावरची माझी माया उणी होणार नाही, पण आलास तर मला हवा आहेस.

एवढंच कळावे. लोभ असावा, असं आजवर नुसतं लिहायचं म्हणून लिहीत आले. आज मागते आहे.

तुझी,
शंकासूर

ता. क. उद्याचं काम : जबाबाची स्वच्छ प्रत काढणे, जिथे जिथे झरा, तिथे गळती.